कच्च्या रंगावरची नावे

मी एक जुना फळा आहे, मित्रांनो, आणि चौकसपणात माझा हात धरणारा दुसरा फळा तुम्हाला सापडणार नाही. यात माझा दोष नाही. जन्मभर माझ्या अंगावर प्रश्न लिहिले गेले. उत्तरेही लिहिली गेली, नाही असे नाही. पण उत्तर पुरे होते न होते तोच घंटा व्हायची, कोणीतरी डस्टर फिरवायचे आणि मी पुन्हा कोरा. त्यामुळे मला प्रश्न तेवढे पाठ आहेत आणि उत्तरांची हुरहुर कायमची मागे लागली आहे.

माझा जन्म एका सुताराच्या कारखान्यात झाला. त्याने चार फळ्या एकमेकींना अशा बेमालूम जोडल्या की मध्ये सुई शिरणार नाही. फक्त डाव्या खालच्या कोपऱ्यात लाकडाची एक गाठ राहिली. सुताराने तिच्यावरून अंगठा फिरवला, जरा विचार केला आणि म्हणाला, "राहू दे. एवढ्या कोपऱ्यात कोण लिहायला जातंय?" मित्रांनो, ही गाठ लक्षात ठेवा. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट त्याच गाठीवर घडली.

मला पाचवीच्या वर्गात टांगण्यात आले. खाली खडू ठेवायला लाकडी पट्टी, बाजूला खिळ्यावर डस्टर, समोर बाकांच्या रांगा आणि मागच्या भिंतीला एक खिडकी. त्या खिडकीतून शाळेचे फाटक आणि सायकल दुरुस्तीच्या दुकानाची पाठ दिसायची. दुकानातला माणूस चाक फिरवून बघायचा आणि ते थांबेपर्यंत त्याच्याकडे पाहत उभा राहायचा. तो काय बघतो, हे मला अजून कळलेले नाही.

माझी खरी काळजी घेतली ती गणिताच्या सरांनी. उंच, वाकलेले, खिशात सदैव खडूचे तुकडे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पहिल्याच दिवशी ते बाह्या सारून यायचे, मला भिंतीवरून उतरवायचे आणि पॉलिश पेपरने घासायचे. मला इतक्या गुदगुल्या व्हायच्या की हसता येत असते तर मी चौकटीतून बाहेर पडलो असतो. मग काळ्या रंगाचा एक हात, तो सुकला की दुसरा. त्यानंतर खिडकी बंद, दार बंद, आणि शाळा उघडेपर्यंत मला विश्रांती. रंग वरून लवकर सुकतो, मित्रांनो. आतून मुरायला त्याला वेळ लागतो.

शाळा उघडली की पहिल्या दिवशी अभ्यास नसायचा. सर सगळ्या मुलांना एकेक खडू द्यायचे आणि म्हणायचे, "आडवा धरा आणि घासा. एक बोटभर जागा काळी ठेवायची नाही." मुले माझ्यावर तुटून पडायची. नाकातोंडात खडू जायचा, केस पांढरे व्हायचे, आणि मी वरपासून खालपर्यंत पांढराफटक. मग सर ते सगळे पुसायचे. याला ते 'पावडरचा दिवस' म्हणत. नवा रंग अधाशी असतो. पहिल्यांदा त्याला जे मिळेल ते तो गिळून बसतो. सगळीकडे सारखा खडू चारला की त्याचे पोट भरते आणि मग कोणतेही अक्षर सुखाने येते नि सुखाने जाते. चारला नाही, तर जे पहिले अक्षर लिहाल ते आत रुतून बसते.

आता माझे कोडे सांगतो. सुट्टी संपवून मुले वर्गात आली की सर एखादा सोपा प्रश्न विचारायचे. सुट्टीपूर्वी ज्यांनी तो फडाफड सोडवला होता, तीच मुले छताकडे बघू लागायची. कोणी डोके खाजवायचे, कोणी शेजाऱ्याच्या तोंडाकडे बघायचे. मला नवल वाटायचे. माझ्यावरचे पुसायला डस्टर लागतो. यांचे कोण पुसते? सुट्टी नावाच्या त्या जागी भलामोठा डस्टर घेऊन कोणी बसलेले असते का? आणि पुसलेला खडू जसा जमिनीवर पडतो, तसे मुलांचे विसरलेले कुठे पडत असेल? मी सुट्टी कधी पाहिलीच नव्हती. ती लागली की माझी खिडकी बंद व्हायची.

मग एक वर्ष असे आले की शाळेच्या छताची तुळई खचली. पाणी माझ्यावरून ओघळून खाली आले, माझ्या अंगावर पांढुरके डाग पडले आणि दुरुस्तीसाठी शाळा महिनोन् महिने बंद राहिली. पुन्हा उघडली तेव्हा वर्ष संपत आले होते आणि पुस्तके अर्धीही झाली नव्हती. मुख्याध्यापिका, म्हणजे सगळ्यांच्या मोठ्या बाई, यांच्या तोंडचे पाणी पळाले. त्यांनी आईबापांची बैठक बोलावली, आणि माझे नशीब थोर म्हणून ती माझ्याच वर्गात भरली.

मोठ्या बाईंनी माझ्यावर मधोमध उभी रेघ ओढली. एकीकडे लिहिले, 'सुट्टी कमी करावी'. दुसरीकडे लिहिले, 'करू नये'. मोठी माणसे लहान मुलांच्या बाकांवर गुडघे पोटाशी घेऊन बसली होती.

बेकरीवाले काका आधी उठले. "करा कमी! आमचं रत्न सुट्टीत दुपारपर्यंत लोळतं. घरी नुसती पावं फस्त करतं. इथे बसलं तर निदान डोक्यात काहीतरी जाईल."

"बसेल हो," दवाखान्यातल्या नर्सबाई म्हणाल्या, "पण भर उन्हाळ्यात या छताखाली किती तापतं माहितेय का? चक्कर येऊन पडलेली पोरं शेवटी माझ्याकडेच आणाल."

"सकाळी लवकर वर्ग घेऊ."

"आणि खेळायचं कधी? मुलं आहेत ती, मशीन नाहीत!"

बराच गलका झाला. मी दोन्ही बाजूंचे म्हणणे सारख्याच निष्ठेने अंगावर घेत होतो. खरे सांगायचे तर मला दोन्ही पटत होते. फळ्याचे हे असेच असते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक आवाज आला. तिथे एक मुलगी आईच्या शेजारी बसली होती. वर्गात ती सगळ्यात लहानखुरी, म्हणून तिला सगळे बारकी म्हणत. तिची आई लॉण्ड्रीत कपड्यांना इस्त्री करायची. बाबा रस्ते बांधणाऱ्या टोळीत होते. आज इथे, उद्या तिथे. उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेकी त्यांच्या मुक्कामावर जायच्या. बारकीला वर्षातून तेवढेच बाबा मिळायचे.

"बाई," बारकी म्हणाली, "सुट्टी कमी केली की विसरणंपण कमी होतं का?"

सगळे हसले. मी हसलो नाही. माझ्या पोटातला प्रश्न त्या पोरीने ओठावर आणला होता. मोठ्या बाई म्हणाल्या, "होतं बहुतेक." हे 'बहुतेक' मी नीट ऐकून ठेवले.

मग बारकीची आई उभी राहिली. तिच्या बोटांना इस्त्रीचे चटके होते. "हिचे बाबा हिला सुट्टीतच दिसतात," ती म्हणाली. "पण ही शाळा बंद होती तेव्हा मी कामावर, घरी शिकवायला कोणी नाही. अपूर्णांक आला की ही रडकुंडीला येते. ही पुन्हा पाचवीतच बसली तर..." हात वर करायची वेळ आली तेव्हा तिने बराच वेळ घेतला आणि 'कमी करावी'साठी हात वर केला. त्यानंतर तिने लेकीकडे पाहिले नाही.

सुट्टी कमी झाली. पण गणिताच्या सरांनी एक तोड काढली. "सगळ्यांना शेवटपर्यंत डांबून ठेवण्यात काय हशील?" ते म्हणाले. "मी फळ्यावर एक रेघ काढतो. जो तिच्या टोकाला पोहोचेल, त्याची सुट्टी त्याच दिवशी सुरू."

बारकीने मान वर केली. तिचे डोळे लुकलुकले. टोकाला लवकर पोहोचायचे, म्हणजे बाबांकडे जायला मिळेल आणि सहावीतही जाता येईल.

पाण्याच्या डागांमुळे मला रंगवणे भाग होते. सुट्टीतला जादा वर्ग सुरू होण्याच्या आदल्या दुपारी सरांनी घाईघाईने मला रंग दिला. संध्याकाळी बोट लावून पाहिले आणि म्हणाले, "बाहेरून तर सुकलाय." सकाळी ते खडूंचा खोका घेऊन आले, तेव्हा मोठ्या बाई दारातच होत्या. "सर, तो खडू घासायचा खेळ पुढच्या वर्षी. आता एकसुद्धा दिवस वाया घालवायचा नाही." सरांनी खोक्याकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले. माझ्या रंगाची खोड त्यांच्याइतकी कोणाला ठाऊक होती? पण घाई भल्याभल्यांना गाठते. "बरं," ते म्हणाले आणि त्यांनी खोका कपाटात ठेवून दिला.

मग त्यांनी माझ्यावर एक लांबलचक रेघ काढली. ती निघाली डाव्या खालच्या कोपऱ्यातून, नेमकी त्या गाठीपासून, आणि उजवीकडे वर चढत गेली. टोकाला लिहिले, 'पोहोचलो!' एकेका मुलाला जवळ बोलावून त्यांनी चार प्रश्न विचारले आणि ज्याला जेवढे येत होते त्याप्रमाणे रेघेवर त्याचे नाव लिहिले. सरांच्या मनात वाईट काही नव्हते. रोज नाव पुसायचे आणि थोडे पुढे लिहायचे, म्हणजे मुलांना हुरूप येईल, असा त्यांचा बेत. चष्मा लावणाऱ्या हुशार मुलाचे नाव टोकाजवळ आले. बेकरीवाल्यांच्या मुलाचे मध्याच्या अलीकडे. बारकीचे नाव सगळ्यात शेवटी, गाठीवर. खडू तिथे अडखळला आणि नाव जरा वाकडे आले.

बारकी जवळ आली आणि आपल्या नावापासून टोकापर्यंत विती मोजत गेली. शेवटी तिचा हात पुरेना, तेव्हा टाचा उंचावून तिने मोजणी पुरी केली आणि जागेवर जाऊन बसली.

मित्रांनो, तो उन्हाळा मला फार आवडला, हे कबूल केले पाहिजे. पहिल्यांदाच माझी खिडकी सुट्टीत उघडी होती. सकाळचे ऊन बाकांवर कसे सरकते ते मी पाहिले. सायकलवाला दुपारी दुकानाच्या सावलीत टोपी तोंडावर घेऊन झोपतो, हेही कळले. आणि सरांना शिकवायला वेळ होता. एकदा बारकी म्हणाली, "सर, पाऊण म्हणजे रस्त्याचे चार भाग केले आणि तीन झाले, एक खोदायचा राहिला, असं ना?" "अगदी तस्संच!" सर म्हणाले. त्या दिवसापासून बारकीची सगळी गणिते रस्त्याची झाली. बेकरीवाल्यांच्या मुलाला पावांची मिळू लागली, आणि त्याने पहिल्यांदा तक्रार केली की तास लवकर संपतो. म्हणजे जादा वर्ग वाईटच होता, असे मी मुळीच म्हणणार नाही.

पण दुसऱ्याच दिवशी सरांच्या लक्षात आले. बारकीचे नाव पुढे न्यायला त्यांनी गाठीवर डस्टर फिरवला. नाव फिके झाले, गेले नाही. ओला फडका मारला. नाव नाहीसे झाले. सर नि:श्वास टाकून वळले. तेवढ्यात पाणी सुकले आणि नाव पुन्हा हजर! बारकी ते टक लावून पाहत होती. तिने स्वतः फडका ओला करून आणला, पुसले, पाहिले, थांबली. ओले असेपर्यंत काहीच नाही, आणि सुकले की हळूहळू ते वाकडे नाव वर येई. फक्त तिचेच नव्हे, त्या पहिल्या दिवशी लिहिलेले प्रत्येक नाव मी गिळून बसलो होतो.

"असू दे," सर ओशाळून म्हणाले. "नवं नाव ठळक लिहू." आणि उरलेल्या काळ्या जागेवर तरी त्यांनी घाईघाईने खडू घासून पुसून घेतला.

दिवसागणिक बारकीचे ठळक नाव पुढे सरकत गेले, पण गाठीवरचे फिके नाव काही हलेना. बेकरीवाल्यांच्या मुलाने एकदा चेष्टेत म्हटले, "बारकी दोन आहेत. एक पुढे गेली, एक तिथेच बसलीय." सगळे खिदळले. बारकीही हसली, पण त्यानंतर ती माझ्याकडे बघेनाशी झाली. मान खाली घालून वहीत गणिते सोडवायची आणि उत्तर तोंडी सांगायची. आजवर माझ्याकडे सगळ्यात जास्त बघणारी मुलगी ती. मला फार वाईट वाटले. रोज संध्याकाळी सारे काही विसरून जाणारा मी, आणि नेमके जे विसरायला हवे तेवढेच मला विसरता येत नव्हते.

हुशार मुले एकेक करून टोकाला पोहोचली आणि सुट्टीवर गेली. तशात एके दिवशी बारकीच्या बाबांचा फोन आला. टोळीचा मुक्काम हलणार होता. नदीपलीकडच्या डोंगरात नुसते तंबू. तिथे बायकामुलांना नेता येत नाही. यायचे तर याच आठवड्यात, नाहीतर भेट थेट पुढच्या वर्षी. आईने बसची तिकिटे काढली. बारकीने सरांना सांगितले. सरांनी तिचे नाव टोकाच्या अगदी जवळ, केसभर अंतरावर लिहिले आणि म्हणाले, "उद्या एक शेवटचं गणित. ते आलं की तू सुटलीस. मग दुपारची बस पकड."

आणि दुसऱ्या दिवशी सरांना ताप भरला.

त्यांच्या जागी नव्या बाई येणार होत्या. सरांनी अंथरुणातून निरोप धाडला, "फळा बघा, कोण कुठे आहे ते कळेल." इकडे बेकरीवाल्यांच्या मुलाला वाटले, नव्या बाई येताहेत, तर फळा स्वच्छ हवा. त्याने चांगल्या मनाने डस्टर उचलला आणि मला वरपासून खालपर्यंत झटकून पुसले. ठळक नावे गेली. रेघ पहिल्या दिवसाची, ती राहिली. पहिल्या दिवसाची फिकी नावेही राहिली. मी ओरडून सांगितले असते, पण फळ्याला तोंड नसते. जे लिहाल तेवढेच त्याचे बोलणे.

नव्या बाई आल्या. तरुण, नीटनेटक्या, जरा घाबरलेल्या. बारकी उठून उभी राहिली. "बाई, माझं एकच गणित राहिलंय. ते झालं की माझी सुट्टी. आई फाटकापाशी उभी आहे."

बाईंनी माझ्याकडे पाहिले, रेघेवरून बोट फिरवले आणि ते बोट गाठीवर येऊन थांबले. "अगं, तुझं नाव तर इथे आहे. तुला तर सगळीच रेघ चालायचीय."

"ते जुनं आहे, बाई!" तीन-चार मुले एकदम म्हणाली.

"मग पुसलं का नाही?"

"पुसलं जात नाही!"

बाईंना वाटले, पोरे आपली फिरकी घेताहेत. बारकी फडका भिजवून आली. तिने आपले नाव पुसले. "आता नाहीये. थांबा हं." सगळा वर्ग माझ्या कोपऱ्याकडे पाहत राहिला. पाणी सुकत गेले आणि तिचे नाव वर आले. बाईंचे डोळे विस्फारले. त्यांनी स्वतः एकदा करून पाहिले. "कमाल आहे! म्हणजे हे पहिल्या दिवसाचं. मग आजचं कुठे आहे?"

"ते मी पुसलं," बेकरीवाल्यांचा मुलगा रडवेला होऊन म्हणाला.

"अगं, मग मला कसं कळणार तू कुठे आहेस ते? सरांनी तर सांगितलंय, फळा बघा."

बाहेर बारकीच्या आईने फाटकातून आत डोकावून पाहिले. तिच्या हातात पिशवी होती आणि ती सारखी रस्त्याकडे बघत होती. बारकीच्या डोळ्यांत पाणी तरारले, पण आवाज पक्का होता.

"बाई, फळ्याला काय विचारता? मला विचारा ना."

बाईंनी तिच्याकडे पाहिले. मग त्यांनी खुर्ची उचलली, फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बारकीच्या समोर बसल्या. माझ्या सबंध आयुष्यात शिक्षकाने माझ्याकडे अशी पाठ कधी केली नव्हती, आणि मला त्याचा इतका आनंदही कधी झाला नव्हता.

"पाऊणामधून आठवा भाग किती वेळा काढता येईल?" बाईंनी विचारले.

बारकीने डोळे मिटले. ओठ हलू लागले. "पाऊण किलोमीटर रस्ता... रोज आठवा भाग... अख्ख्याचे आठ भाग केले तर पावात दोन येतात... पाव तीन आहेत..." तिने डोळे उघडले. "सहा दिवस!"

"दिवस? मी दिवस कुठे म्हटलं?"

"रस्त्याचे, बाई. सहा दिवस." आणि प्रामाणिकपणे तिने भर घातली, "एखाद दिवस रोलर बंद पडला तर सात."

आधी बाई हसल्या, मग सगळा वर्ग हसला. "पळ," त्या म्हणाल्या. "तुझी सुट्टी सुरू!"

बारकी सुसाट पळाली. दारातून परत आली, विसरलेले दप्तर उचलले, आणि कितीतरी दिवसांनी तिने माझ्याकडे मान वर करून पाहिले. मग गेली. फाटकापाशी आईने तिचा हात धरला आणि दोघी धावतच दिसेनाशा झाल्या.

बरे होऊन आल्यावर सरांनी सारी हकिगत ऐकली आणि कपाळाला हात लावला. पहिल्या बाकावर बसून त्यांनी माझ्यावरची फिकी नावे एकेक करून वाचली. मग उठून मोठ्या बाईंकडे गेले आणि म्हणाले, "फळ्याला सुट्टी हवी."

"आणि उरलेल्या मुलांना शिकवणार कशावर?"

"तोंडी. थोडीच उरलीत. आणि ती मला समोर दिसताहेत."

मोठ्या बाई स्वतः वर्गात येऊन गाठीवरचे नाव पाहून गेल्या. जाताना म्हणाल्या, "घाई मीच केली होती हो." सरांनी मला उतरवले, पॉलिश पेपरने पार लाकडापर्यंत घासले आणि नवा रंग दिला. भिंतीकडे तोंड करून मी मुरत पडलो. मागून सर आणि मुले बोलत असल्याचे ऐकू यायचे.

शाळा उघडली. पहिल्या दिवशी सरांनी कपाटातून खडूंचा खोका काढला तेव्हा मोठ्या बाईंनीही एक खडू मागून घेतला. वर्ग तोच, मुले तीच. आता ती सहावीत गेली होती, पण पावडरच्या दिवसासाठी सरांनी त्यांना मुद्दाम बोलावले होते. बारकी आली. उन्हाने काळवंडलेली, गुडघ्याला खरचटलेले, आणि तोंड नुसते सुरू. बाबांच्या रोलरवर बसलो, डांबर कसे उकळते ते पाहिले, रस्ता मध्ये जरासा उंच ठेवतात म्हणजे पाणी दोन्हीकडे जाते. कोणाला बोलू देईना.

सर मिशीत हसत म्हणाले, "छान. मग सांग बरं, पाऊणामधून आठवा भाग किती वेळा?"

बारकीने छताकडे पाहिले.

मित्रांनो, माझा जीव टांगणीला लागला. टांगलेला मी असतोच, पण त्या दिवशी जीवही. पुन्हा तेच! एवढे शिकलेले कोणी पुसले? मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावरही तोच प्रश्न दिसत होता.

"येत होतं," बारकी पुटपुटली. "थांबा."

"थांबतो," सर म्हणाले. "घाई नाही. तोवर खडू घास."

बारकी खडू आडवा धरून थेट माझ्या डाव्या खालच्या कोपऱ्याशी बसली. गाठीवर खडू अडखळला. "इथे मी होते," ती म्हणाली.

"होतीस," सर म्हणाले.

ती घासत राहिली. आधी गाठ पांढरी झाली, मग आजूबाजूचे. आणि अचानक तिचा हात थांबला. "सहा! सहा दिवस!"

"आणि रोलर? बंद पडला का?"

"पडला ना, सर! दोनदा!" ती एवढ्याने ओरडली की बाहेर सायकलवाल्याने मान वळवली. "म्हणजे आठ!"

त्या दिवशी मला माझ्या कोड्याचे उत्तर मिळाले. ओल्या फडक्याखाली नाव दिसेनासे झाले होते, पण गेले नव्हते. मुलांचे शिकलेलेही बहुतेक तसेच असावे. सुट्टीत ते ओले असते, म्हणून दिसत नाही. जरा थांबले की वर येते. 'बहुतेक' म्हणतो, कारण चौकस माणसाने, आणि फळ्यानेही, तेवढी जागा ठेवावी.

सुट्टी लांब असावी की आखूड, यावर दर वर्षी माझ्यावर मधोमध रेघ पडते आणि वाद अजून मिटलेला नाही. मी साधा फळा. मी काय निकाल देणार? पण मित्रांनो, माझे एक ऐका. माझ्यावर नखे ओढू नका, ओला फडका तसाच टाकून जाऊ नका आणि माझा रंग मुरू द्या. घाईच्या दिवशी कोणाचेही नाव पुढे किंवा मागे लिहू नका. एखादा कुठवर आलाय हे जाणून घ्यायचे असेल, तर खुर्ची फिरवा, माझ्याकडे पाठ करा आणि त्यालाच विचारा. मी रागावणार नाही.

तुमच्या लक्षात आले असेल, एवढ्या गोष्टीत मी त्या मुलीचे खरे नाव सांगितले नाही. ते मला पाठ आहे. पण एकदा ते माझ्यावर नको तितके दिवस राहिले होते, म्हणून आता सांगत नाही.